कौसाआत्याची वीज

आमच्या घराण्यात बोटांतून वीज सोडता येणारी आजवर एकच व्यक्ती झाली, ती म्हणजे माझी पिशोरची कौसाआत्या.

हे विधान मी, म्हणजे बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, पूर्ण शुद्धीत करतो आहे. त्या विजेचा पहिला बळीही मीच.

त्या वर्षांत मला आणि शेजारच्या मोईनला एका अंतराळातल्या सिनेमांच्या मालिकेचं वेड लागलं होतं. मोईनचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे त्याचं अर्धं लक्ष लढाईवर आणि अर्धं योद्ध्यांच्या झग्याला किती मीटर लागलं असेल यावर असायचं. या योद्ध्यांमधले काही मोजकेच जण बोटांतून निळी वीज सोडत आणि समोरचा माणूस तडतडत कोसळे. ही विद्या नेमकी कोणाला येते, यावर आमचा कायमचा वाद. मोईन म्हणायचा, फक्त दुष्टांना. माझा सिद्धांत जास्त खोल होता. ज्यानं वर्षानुवर्षं राग गिळला आणि कोणाला बोलून दाखवला नाही, त्याच्या अंगात ती साठते.

"मग माझ्या बोटांतून अजून कशी आली नाही?" माझी बायको सुनंदा एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली. (यावर मोईन घाईघाईनं घरी गेला.)

आमचं घर तेव्हा शहराच्या अगदी कडेला, बीड बायपासच्या पलीकडे. तिथं प्लॉट भराभर पडत होते, बंगले उठत होते, कॉलन्यांना नावं मिळत होती, फक्त पाणी मिळत नव्हतं. त्यात दुष्काळ. बोअर आटलेलं, सगळी भिस्त टँकरवर. सुनंदाच्या राज्यात आंघोळ टबात बसून करायची आणि ते पाणी बादलीनं स्वयंपाकघरातून मागच्या संडासात न्यायचं, असा कायदा होता. त्यामुळे बाहेर जमीन भेगाळलेली आणि आमच्या स्वयंपाकघराची फरशी सदा ओली!

बचतीत माझाही वाटा होता. घर बांधताना वायरिंगवाल्यानं अंगणात मीटरजवळच्या कोपऱ्यात खड्डा करून मीठ-कोळसा भरला होता आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा, असं बजावलं होतं. दुष्काळात जमिनीतल्या भोकात पाणी ओतायचं? मी ती बादली तडकाफडकी बंद केली. सुनंदानं माझं कौतुक केलं. असं फार वेळा होत नाही, म्हणून लक्षात आहे.

अशात आत्या आली. पिशोरची विहीर कोरडी पडली होती, तिचा मुलगा जनावरं घेऊन चारा छावणीत गेला होता आणि आत्याला त्यानं आमच्याकडे पाठवलं होतं. शाळेची माझी सगळी वर्षं आत्याकडेच गेलेली. तिची माया करायची पद्धत तेव्हापासून एकच. दोन्ही हात तोंडावरून फिरवायचे आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. मी चाळिशीला आलो, टक्कल पडलं, तरी पद्धत बदलली नव्हती.

आत्याला आमच्या घरात आवडलेली एकमेव वस्तू म्हणजे फ्रिज. टाचांना भेगा म्हणून ती पायात रबरी चपला घालायची आणि फ्रिजचं दार उघडून, कडी घट्ट धरून गारवा खात उभी राहायची. ती आल्यापासून आम्हाला फ्रिजला हात लावावाच लागत नसे, हवं ते तीच काढून द्यायची.

एका सकाळी मी आंघोळीच्या पाण्याची बादली घेऊन, अनवाणी, निथळत तिच्यासमोरून चाललो होतो. आत्याचा एक हात फ्रिजच्या कडीवर. दुसरा तिनं मायेनं माझ्या गालाला लावला.

काय सांगू! गालातून टाचेपर्यंत सण्णकन काहीतरी गेलं. बादली हातातून सुटली. डोळ्यांसमोर निळं दिसलं (किंवा मालिका पाहून पाहून ते तिथं आधीपासूनच होतं). आत्या शांत. आयुष्यभर खुरपं धरून घट्टे पडलेल्या तिच्या तळहातांना जरा मुंग्या आल्या, एवढंच.

दुपारी सुनंदाला बसला. संध्याकाळी खात्री करायला मोईनला बोलावलं. दारात चप्पल काढून तो ओल्या फरशीवर आला आणि त्यानं सलाम केला. आत्यानं फ्रिज न सोडता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोईन मटकन खाली बसला.

"दिनूभाई," तो बसूनच म्हणाला, "ये तो वोईच है. और बुराई का तो सवालच नै. अपन गलत थे."

म्हणजे माझा सिद्धांत खरा ठरला होता! मला अभिमान वाटला आणि लगेच घाम फुटला. कारण मग आत्यानं इतकी वर्षं राग गिळला होता, आणि तो कोणावर? आम्ही कामाला लागलो. पहिला चहा आत्याला. टीव्हीचा रिमोट आत्याकडे. नवी गादी आत्याला. सुनंदानं तर तिला भांडंभर जास्तीचं पाणी दिलं, आमच्या घरात याहून मोठा मान नव्हता. पण हे सगळं हात लांब करून, अंतर राखून. मी तिच्याकडे अक्षरशः देवीकडे बघावं तसा बघत होतो. देवीला कोणी खेटून बसत नाही.

एकदा मी कॉलेजला निघालो तेव्हा आत्या माया करायला पुढं आली आणि मी मागं सरलो. तिचे हात हवेतच राहिले. तरी तिनं तशीच कानशिलांवर बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली.

"आत्या, कुठं चाललीस?" मी लांबूनच विचारलं.

"छावणीत, पोराकडं."

"तिथं या उन्हात कशी राहशील? पाणी तरी मिळेल का?"

"नाय मिळंना. इथं लई पाणी देता, पर माझा हात समद्यांना नको झालाय. तिथं म्हैस तरी जवळ येती."

मी उत्तर द्यायच्या आत दारात टँकर वाजला, आणि आमच्या कॉलनीत टँकर वाजला की माणूस दुःख बाजूला ठेवून धावतो. ड्रायव्हरनं कॉक उघडला आणि तंबाखू मळत तो गल्लीच्या टोकाला गेला. मी हौदाच्या तोंडाशी जाड पाइप धरून बसलो. पाण्याची धार पाहण्यात गुंगलो. आत्या निरोप घ्यायला मागून कधी आली, कळलंच नाही. तिनं माझ्या गालाला हात लावला.

उघड्या अंगणात, फ्रिजपासून लांब असलेल्या त्या हातात काहीही नव्हतं. पण मी असा उडालो, की पाइप सुटला! तो सापासारखा वळवळत कोपऱ्यात गेला आणि ड्रायव्हर पळत येईपर्यंत अर्धा टँकर मीटरजवळच्या जमिनीनं पिऊन टाकला. कॉलनी भांडी घेऊन धावली. मोईन तर डब्याच्या झाकणानं पाणी उपसत होता. आत्या तोंडाला पदर लावून आत गेली.

"माझ्यापायी गेलं," ती सुनंदाला म्हणाली. "आता तर जातेच." वाटेसाठी ठेवलेली बाटली घ्यायला तिनं फ्रिजची कडी धरली. सुनंदा अंगणातून ओल्या पायांनी धावत आली होती. तिनं डोळे घट्ट मिटले आणि आत्याचा दुसरा हात धरला. असं धाडस मला झालं नसतं.

"अहो," थोड्या वेळानं ती डोळे न उघडताच म्हणाली, "काहीच झालं नाही."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. मिठाकोळशाचा तो खड्डा तोंडोतोंड भरून गुडगुड बुडबुडे सोडत होता. आणि मला अर्थिंग आठवलं. (तो धडा दहावीला असतो. मी बारावीला शिकवतो.) फ्रिजमधून गळणारी वीज जमिनीत जायची, ती वाट मीच पाणी तोडून बंद केली होती. मग वीज आत्याच्या हातून आमच्यात येत होती. गळती थोडी वाढली असती तर काय झालं असतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. तसाच जाऊन फ्रिजचा प्लग काढला. पुढं मिस्त्रीनं फ्रिजची मागची वायर बदलली.

आत्याला सगळं, माझ्या सिद्धांतासकट, समजावून सांगितलं. ती थोडी हिरमुसली.

"म्हंजे ती माझ्यात नव्हतीच व्हय?"

"नव्हती."

"आन् मी राग गिळलाय म्हणून मला गादी दिली व्हय रं?"

मला फार लाज वाटली. मी तिच्यासमोर जाऊन खाली मान घालून उभा राहिलो. तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून, टकलावरून फिरवले आणि अशी बोटं मोडली की मोईनला कुंपणापलीकडं ऐकू गेलं. प्लग काढलेला होता, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्यानं पिशवी रिकामी केली. गादी मात्र परत दिली नाही.

वीज कोणाला सोडता येते, यावर मोईन अजून वाद घालतो. मी घालत नाही. मला उत्तर माहीत आहे. ज्या आत्याचा भाचा भौतिकशास्त्राचा मास्तर असतो, अशा कोणत्याही आत्याला.