कुंपणालगतची माती

माझा मामा माती तपासायच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरीला होता आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं तो दमलेला होता. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. लोक पिशव्यांतून माती आणायचे. मामा ती सावलीत वाळवायचा, ढेकळं लाकडी हातोडीनं फोडायचा, चाळायचा, काचेच्या नळ्यांत ढवळायचा आणि शेवटी चिठ्ठी लिहायचा: नत्र इतकं, स्फुरद इतकं, पालाश इतकं, अमुक खत तमुक गोण्या. दिवसाला चाळीस पिशव्या. घरी यायचा तेव्हा नखांत माती आणि तोंडात एकच वाक्य, "आता मला काही विचारू नका." आईचा धाकटा भाऊ, पण तिच्याहून म्हातारा दिसायचा.

आमची कोबीची शेती. बाबा दर वर्षी मामाकडे मातीची पिशवी पाठवायचे आणि मामाची चिठ्ठी यायची: नत्र कमी, एकरी दोन गोण्या जादा टाका. बाबा तीन टाकायचे. "सरकारी माणूस हात राखूनच लिहितो," असं त्यांचं म्हणणं. बारा वर्षं हे असं चाललं. गड्डे डोक्याएवढे व्हायचे, पानं काळीहिरवी. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून शेत दाखवायचे. गड्डे मधूनच तडकतात, आतून नासतात, हे मात्र दाखवायचे नाहीत.

मुलगी दीड महिन्याची असताना मी माहेरी राहायला आले, ती तिथेच राहिले. घरात आई, बाबा, भाऊ आणि वहिनी. मला दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातली पावडर. पाणी आमच्या विहिरीचं, शेताच्या खालच्या अंगाला असलेल्या. मी ते वीस मिनिटं खळखळ उकळायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे, की बघा, किती काळजी घेते मी.

एका रविवारी मामा नेहमीसारखा जेवायला आला आणि बाळाजवळ बसला. बाळ रडायला लागलं आणि त्याच्या ओठांभोवती निळसर राखाडी रंग चढला. तो मीही दोन दिवस पाहत होते. आई म्हणाली, "गार वारा लागला असेल." बोटानं बाळाचा ओठ जरा खाली ओढून मामानं आत बघितलं.

"पाणी कुठलं देतेस?"

"विहिरीचं. पण चांगलं उकळून हं."

"किती उकळून?"

"वीस मिनिटं."

मामानं डोळे मिटले. मला वाटलं, झोप आली. मग तो म्हणाला, "उकळून जंतू मरतात गं. खत मरत नाही. पाणी उडतं आणि उरलेल्या पाण्यात खत दाट होत जातं. आता उठ. हिला डॉक्टरकडे घेऊन चल. पावडरचा डबा घे, पाणी वाटेत माझ्या घरून घेऊ."

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ते मला खूप बोलले. रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नव्हतं. आणखी आठवडाभर हेच चाललं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. बाळाला तीन दिवस तिथेच ठेवलं. मामानं विहिरीच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेली. नायट्रेट, म्हणजे खतातलं नत्र, मर्यादेच्या साडेतीन पट.

बाळ घरी आलं त्या दिवशी मामा सरळ शेतात गेला. मी मागोमाग गेले, कारण मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि कुणावर ते ठरत नव्हतं. खालच्या चरात हिरव्या शेवाळाची साय धरली होती, तिला कुजका वास येत होता. चर पुढे ज्या तळ्याला मिळतो तिथे पूर्वी आम्ही पोहायचो. आता बेडूकसुद्धा ओरडत नव्हता. मामानं कोबीचं एक पान हातात धरलं.

"दाजी, हे पान बघा. नत्र कमी असतं तर पिवळं पडलं असतं. हे तर अजीर्ण झाल्यासारखं आहे. माती काढता कुठून तुम्ही?"

"तिकडून." बाबांनी कुंपणाकडे हात केला. काटेरी तारेलगतची पडीक पट्टी. तिथे कधी काही पेरलं नव्हतं, कधी मूठभर खत पडलं नव्हतं.

"तिथून का?"

"मग काय शेतातली काढू? तीस वर्षं पोसलेली माती! ती तुम्ही नळ्यांत घालून वाया घालवणार. तपासायलाच तर हवी होती, कुठलीही चालली असती."

बाबा हे इतक्या साधेपणानं म्हणाले, की मला आधी हसू फुटलं. मग मी जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. माझी पोरगी, तिचे निळे ओठ, तुमचा कंजूषपणा, तुमची ती तिसरी गोणी. बाबा मान खाली घालून उभे.

"त्यांना कशाला बोलतेस?" मामा बांधावर बसला होता. "बारा वर्षं दर रविवारी जेवायला आलो इथे. हात धुतले आणि ताटावर बसलो. एकदा शेतात येऊन खड्डा खणला असता तर कळलं असतं. पण वाटायचं, आठवडाभर मातीच बघतो, निदान आज नको." बांधावरचं ढेकूळ बोटांनी फोडत म्हणाला, "कंटाळा केला गं मी."

मी घरातून कुदळ आणि घमेलं आणून त्याच्यापुढे ठेवलं.

मग मामानं नागमोडी चालत शेतात दहा जागी वीतभर खोल खणलं, माती घमेल्यात कालवली, तपासली. चिठ्ठीत पहिल्यांदा लिहिलं: खत नको. दोन हंगाम काहीच नको. बाबांना तो अपमान वाटला, पण ऐकलं. गड्डे लहान आले, घट्ट आले, तडकले नाहीत.

विहीर मात्र सुधारेना. जमिनीत मुरलेलं खत वर्षानुवर्षं झिरपत राहतं, असं मामा म्हणाला. तेव्हापासून एक दिवसाआड तो स्कूटरवर दहा-दहा लिटरचे दोन कॅन घेऊन यायचा. शहरात त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांकडे गाडी होती, भाऊ होता, पण कुणी "मी आणतो" म्हटलं की मामा म्हणायचा, "चिठ्ठ्या मी लिहिल्यात." गुडघ्यांना पट्टे बांधून जिने उतरायचा. मी चिडायचे, तो ऐकायचा नाही. अकरा महिने. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता ती मोठी झाली, हे पाणी तिला त्या तऱ्हेनं बाधणार नाही. विहीर सुधारली नव्हती, पोरगी मोठी झाली होती, एवढंच. त्याच महिन्यात मामा रिटायर झाला आणि म्हणे सलग तीन दुपारी झोपला.

परवाच्या रविवारी सगळे जेवायला बसलो असताना आईनं जाहीर केलं, की वहिनीला दिवस गेलेत, तीन महिने झालेत. बाबा उठून उगाचच दोन चकरा मारून आले. भाऊ लाजला, मी वहिनीला मिठी मारली, सगळे एकदम बोलायला लागले. मामा तेवढा बोटांवर काहीतरी मोजत होता.

"आजपासून विहिरीचं पाणी प्यायचं नाही हं तू," तो वहिनीला म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "सहा महिने हे आणि वर ते बाळाचं एक वर्ष. दीड वर्ष होतं गं. तेवढे गुडघे पुरले पाहिजेत."