घोडी थांबली की मी चुकलो

नव्वदच्या दशकात हिंगोलीतल्या एका लग्नाच्या बँडात मी ट्रम्पेट वाजवायचो. ट्रम्पेट बँडमास्तरांचं, लाल कोट मास्तरांचा, माझा फक्त दम. पाठांतर मात्र माझ्याकडं नव्हतं. सिनेमाच्या गाण्याचा मुखडा मला बराबर यायचा. अंतरा आला की मी रानात शिरायचो. थांबलं तर लोक हसतात, म्हणून न थांबता येईल ते वाजवायचं, अन् तेही डोळे मिटून. डोळे मिटले की लोकांना वाटतं, याला सगळं येतं.

एका लग्नात शहरातल्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुम्ही हे मनाला येईल ते वाजवता, त्याला फ्री जॅझ म्हणतात. परदेशात लोक खुर्च्या टाकून ऐकतात." झालं. त्या दिवसापासून मी विसरणं सोडलं अन् जॅझ वाजवू लागलो. वाजत होतं तेच.

खरी गोष्ट एकीलाच कळली होती. आमच्या बँडबरोबर येणारी, नवरदेवाला बसवायची पांढरी घोडी. तिचे मालक कळमनुरीचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ओळखीचा मुखडा वाजला की चालायचं, बँड थांबला की थांबायचं, असं त्यांनी तिला शिकवलं होतं. माझा अंतरा तिच्या लेखी बँड थांबण्यातच जमा. मी रानात शिरलो की ती चारी पाय रोवून उभी.

चाचा म्हणायचे, "घोडीची कायच तकलीफ न्हाई. तूच काहून भटकून राहिला?"

"जॅझ हाय चाचा."

"असंल. तिला सांग."

मग जवळा बाजार गावचं लग्न आलं. नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडं निघणार, तेवढ्यात मास्तरांनी मला गाठलं. "मागच्या लग्नात पोरीकडचे मला घड्याळ दाखवून राहिले होते. आज घोडी अडली, तर ट्रम्पेट पेटीत ठेवायचं अन् उद्यापासून खुळखुळा धरायचा." बँडात खुळखुळेवाल्याकडं कडेवरचं लेकरूही बघत नाही. मी घाबरलो.

अर्ध्या वाटेपर्यंत शहाण्यासारखा वाजवत होतो. मुखडा, परत मुखडा, परत मुखडा. आठवडी बाजाराची गर्दी. त्यातून एक भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "याला येवढंच येतंय व्हय?"

मला ते लागलं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा घोडी कांद्याच्या ढिगापाशी उभी होती, ताशेवाले माझ्याकडं बघत होते अन् मास्तर आभाळाकडं. आणि मी इतका लांब गेलो होतो की मुखडाच सापडेना. अंतरा विसरायची सवय होती, मुखडा पहिल्यांदाच हरवला. तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा घोडीनं नापास केलं. मांडवातून माणूस पळत आला, "लग्नाची वेळ होऊन राहिली, नवरदेव कुठंय?"

तेव्हा मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवच खाली वाकला. माझ्या अन् मास्तरांच्या कानाशी मुखडा गुणगुणला अन् म्हणाला, "आता ह्येच वाजवा दादा. न्हाईतर मी असाच राहतो." मी वाजवलं. घोडी चालू लागली. लग्न वेळेवर लागलं, म्हणजे भटजींनी मंगलाष्टकं जरा पळवली.

नंतर मी स्वतःच ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलं अन् खुळखुळ्याला हात घातला.

"ठेव तो," मास्तर म्हणाले. "खुळखुळा ठेक्यात वाजवावा लागतो. ते तुला जमायचं न्हाई." मग माझ्या हातातला खुळखुळा काढून घेत म्हणाले, "नवरदेवानं बेसूर गुणगुणलं, तू सुरात उचललं. कान हाय तुला. नवरदेव उतरेस्तोवर मुखडा. उतरला की तू मोकळा. जा कुठं जायचं तिथं."

पुढं दहा-बारा वर्षांनी डीजे आले अन् बँड बंद पडला, तोवर मी हा करार पाळला. नवरदेव उतरून लग्न लागलं की माझं जॅझ सुरू व्हायचं, आणि नेमकी तेव्हाच पंगत बसायची. ऐकायला उरायची एकटी घोडी. लिंबाला बांधलेली, पुढं चारा, पण तोंड न लावता कान टवकारून उभी. एकदा मी मोठ्या ऐटीत चाचांना दाखवलं, "बघा, किती ध्यान देऊन ऐकून राहिली."

चाचांनी तिच्या मानेवरून हात फिरवला. "ऐकून न्हाई राहिली बाबा. मुखडा कव्हा येतो, त्याची वाट बघून राहिली."