आक्कांच्या पसंतीचं ग्राफिक्स कार्ड

किस्से काही जमवावे लागत नाहीत. टीव्हीच्या मागे वायरी जशा कुणी हात न लावता एकमेकींत गुंततात, तसे ते घरात आपोआप गुंतत जातात. एक ओढायला जावं तर चार बाहेर! परवा भजनी मंडळात कुणीतरी सहज विचारलं, "वहिनी, तुमच्याकडचा कॉम्प्युटर एवढा शांत कसा हो?" झालं! माझी जपमाळ राहिली बाजूला.

तर लातुरात आमचं स्लॅबचं घर. हे शाळेत गणित शिकवायचे, मुलगा पुण्याला नोकरीला. वरच्या खोलीत दोन मुली भाड्याने, अहमदपूरची अश्विनी आणि बिलोलीची सुषमा. दोघी मेडिकलच्या क्लासला. त्या काळात लातुरात ज्याच्या घराला वरचा मजला, त्याच्या डोक्यावर क्लासची पोरं! आणि अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत यांची थोरली बहीण, आमच्या आक्का.

भूकंपात आक्कांचं घर गेलं, घरातली माणसं गेली. त्याला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती, पण आक्का स्लॅबखाली आल्या नव्हत्या. उंबऱ्यापर्यंत यायच्या, डाळ निवडायच्या. आत बसा म्हटलं की, "हितंच बरं हाय." उन्हाळ्यात पत्र्याखाली नुसती भट्टी. दोनदा चक्कर येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "दुपारी तरी यांना आत ठेवा. पुढचा उन्हाळा अवघड जाईल."

आक्कांना जगात एकच मोह, कीर्तनाचा. म्हणून यांनी मोठा टीव्ही घेतला आणि मुलाने त्याला जोडायला आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, आत वर्षभर पुरतील एवढी कीर्तनं भरून. "आई, मोठ्ठं चित्र, खणखणीत आवाज. आत्या आपोआप आत येईल बघ!"

मी त्याच दिवशी संकल्प सोडला. आक्का छताखाली बसेपर्यंत दर सोमवारी मौन, दिवा लागेपर्यंत एक शब्द नाही.

हे म्हणाले, "पुण्य तिला आणि सुख मला, असं दिसतंय!"

*

पहिल्या दिवशी यांनी बटण दाबलं. टीव्हीवर बुवा दिसायच्या आधीच कॉम्प्युटरच्या पेटीतून घूंऽऽ असा आवाज निघाला आणि चढतच गेला. उंबऱ्यावरच्या आक्का ताडकन उठल्या. सुपातली डाळ ओसरीभर. माझं मनगट धरून त्यांनी मला अंगणात ओढलं, "भाईर व्हा! समदे भाईर! भुई बोलून राहिली!"

आमच्या गल्लीत एक घर बाहेर आलं की कारण विचारायला कुणी थांबत नसे. दोन मिनिटांत अख्खी गल्ली रस्त्यावर! अश्विनी आणि सुषमा नोट्स छातीशी धरून. शेजारच्या देशमुख वहिनी कुकरसकट, आणि कुकरची शिट्टी चालूच!

देशमुखांनी धापा टाकत यांना विचारलं, "किती रिश्टरचा होता हो, गुरुजी?"

हे म्हणाले, "तीनशे वॅटचा."

*

मुलाने फोनवर रोग ओळखला. पेटीत एक ग्राफिक्स कार्ड असतं म्हणे, तेच टीव्हीला चित्र पाठवतं. ते तापतं, म्हणून त्याच्यावर इवलासा पंखा. याने गेम खेळायला चांगलं दांडगं कार्ड बसवलेलं, त्यामुळे पंखाही तसाच भांडखोर.

हे सगळं त्याने मला सांगितलं दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मी माझ्या बुद्धीने इलाज करून मोकळी झाले होते. आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्या पेटीवर जाडजूड गोधडी पांघरली होती. अर्ध्या तासात बुवा आधी हिरवे झाले, मग चौकटी-चौकटीचे झाले, मग अंतर्धान पावले!

"आई! अगं, त्याला गरम होत होतं म्हणूनच तो ओरडत होता!"

"मग मला काय ठाऊक? तू लहानपणी ओरडलास की मी पांघरूणच घालायची."

"तरीच!" मुलगा म्हणाला.

*

त्या आठवड्यात आक्का एकदाच खूश झाल्या. उंबऱ्यावरून आत वाकून म्हणाल्या, "आज ब्येस हाय की गं तुमचं मशीन. जरा म्हून आवाज न्हाई."

"आक्का, लाईट गेलीय!"

*

नवं कार्ड आणायला यांना सुट्टी मिळाली ती नेमकी सोमवारी. म्हणजे मी मुकी! तरी गेले. यांना शाळेतल्या पोरांची सवय, निम्मे आवाज ऐकूच येत नाहीत.

गंजगोलाईच्या बाजारपेठेमागे सलीमभाईंचं दुकान. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, ते कॉम्प्युटर. सलीमभाईंनी पहिलंच कार्ड काढलं. "गुरुजी, एकदम जबरदस्त. दोन पंखे हायत याला!"

मी दोन्ही हात हलवून नको म्हटलं.

"भाभी नाराज हायत का?"

"मौन आहे तिचं," हे म्हणाले. "आम्हाला आवाज न करणारं कार्ड पाहिजे."

सलीमभाईंनी दुसरं कार्ड लावून दाखवलं. मी छताच्या पंख्याकडे बोट केलं. त्यांनी पंखा बंद केला. मी कूलरकडे बोट केलं. कूलर बंद. मग मी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बोट केलं. बिचारे उठून गेले आणि त्याला दोन मिनिटं थांबायला सांगून आले! घामाने सगळे निथळतायत आणि मी पेटीला कान लावून उभी. कार्डाच्या पंख्यात बारीक किरकिर होती. मी मान हलवली.

"मला तर काहीच ऐकू येऊन नाही राहिलं," सलीमभाई म्हणाले. त्यांनीही कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग मान वर करून यांना म्हणाले, "बरोबर हाय गुरुजी. बेरिंग किरकिरतंय. वीस वर्षं झाली मला या धंद्यात!"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोठमोठ्याने बोलत आत आलं. सलीमभाईंनी ओठांवर बोट ठेवलं, "हळू! भाभी ऐकून राहिल्यात."

*

शेवटी एका मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याचं कार्ड आणलं. माझ्या कानांनी पास केलं. यांच्या कानांचा प्रश्नच नव्हता. पण आक्का म्हणाल्या, "कानाचं काय खरं? थांबा."

आक्कांच्या उशाशी कायम स्टीलचे तीन पेले असायचे, एकावर एक उपडे रचलेले. भूकंपानंतर तिकडे घरोघरी अशी भांडी रचून ठेवायचे, जमीन हलली की माणसाच्या आधी ती बोलतात. आक्कांनी ते पेले मला दिले. म्हणाल्या, "ठिव त्या पेटीवर."

ठेवले. यांनी बटण दाबलं. पंखा अगदी गरिबासारखा फिरायला लागला. आवाज नाही. मी देवाकडे बघून हात जोडणार, तोच...

किण्. किण्. किण्.

"बोलले," आक्का म्हणाल्या, आणि पेले घेऊन पत्र्याच्या खोलीत गेल्या.

आता डॉक्टरांनी सांगितलेला उन्हाळा दूर नव्हता. होळी तोंडावर आली होती.

*

कार्ड परत घेऊन गेलो आणि पेल्यांची हकिकत सांगितली. ते ऐकून सलीमभाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्याही घरची मंडळी भूकंपानंतर महिनाभर मैदानात झोपली होती. मग म्हणाले, "गुरुजी, एक सांगा. गेम खेळायचाय का कीर्तन बघायचंय?"

"कीर्तन."

"मग एवढं ताकदीचं कार्ड कशाला? बुवा एका जागी उभे असतात. ते काय उड्या मारतात?"

"आमचे बुवा बघितलेले दिसत नाहीत तुम्ही!" हे म्हणाले.

तरी सलीमभाईंनी लहान ताकदीचंच कार्ड मागवून दिलं. त्याला पंखाच नाही! पंख्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, फणीच्या दातांसारख्या. काम कमी म्हणून ताप कमी, आणि जो होईल तो पट्ट्यांतून हवेत. पेटीचा पंखाही बदलला आणि त्याच्याखाली रबराचे तुकडे बसवले. मग शेजारच्या हॉटेलातून तीन पेले मागवले, उपडे रचून पेटीवर ठेवले, आणि आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

पेले गप्प!

त्यांनी पैशाचं नावही न काढता आधी सांगितलं, "भाभी, आधी आक्कांना दाखवा. त्या हाव म्हणल्या तर ठेवा."

आता त्यांच्या दुकानात ते तीन पेले कायमचे असतात. कुणी घरच्या टीव्हीसाठी कार्ड मागितलं की सलीमभाई छातीवर हात ठेवून सांगतात, "घेऊन जा. पेला पास हाय!"

*

मुलाने बजावलं होतं, पेटी जमिनीवर ठेवू नका, खालून हवा लागते. घरात उंच आणि मोकळं एकच होतं, पूजेचा चौरंग. मी पेटी त्यावर ठेवली. देशमुख वहिनी चैत्राच्या हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी चौरंग बघितला आणि काही न विचारता पेटीला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं. त्यांचं बघून मागच्या चार जणींनीही!

संध्याकाळी सलीमभाई कार्ड तापतंय का ते बघायला आले. दारातच थबकले. चपला काढल्या, हलक्या पावलांनी आत आले, पेटीला हात लावून बघितला.

"भाभी, टेंपरेचर एकदम मस्त. पर फुलं जरा बाजूला ठेवा. जाळीवर आलीत, हवा अडून राहिली."

उंबऱ्यावर आक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. पेले त्यांनी सकाळीच ठेवून बघितले होते. एकदाही किणकिणले नव्हते. आणि आक्का ते परत न्यायचं विसरल्या होत्या.

*

मग कडक उन्हाळा आला. पहिले काही दिवस आक्का उंबऱ्यावरून कीर्तन बघायच्या. मग चटई उंबऱ्याच्या आत आली, पण एक पाय बाहेर. मग दोन्ही पाय आत, पण चपला पायात. मी बघायची, आणि बघितलंच नाही असं दाखवून भाकरी थापायची. वर अश्विनी आणि सुषमाच्या परीक्षा जवळ आलेल्या, त्यांच्या पाठांतराचा आवाज जिन्यातून खाली यायचा.

अशीच वैशाखातली एक दुपार. हे शाळेच्या कामाला गेले होते. मी स्वयंपाकघरात साबुदाणा निवडत बसले होते. जिन्यावरून धाडधाड पावलं आली आणि दोघी पोरी माझ्यासमोर उभ्या.

"काकू, तुमचा कॉम्प्युटर लई घरघर करून राहिलाय! वरपर्यंत येतंय. उद्या पेपर हाय आमचा. बंद करा ना!"

माझ्या हातातलं ताट तिथंच राहिलं. एवढे हेलपाटे घालून आणलेलं कार्ड! मी पळत बाहेरच्या खोलीत आले.

टीव्ही काळा होता. कीर्तन कधीच संपलं होतं. पेटीही आपोआप बंद होऊन तिचा दिवा विझलेला. आणि खोलीच्या मधोमध, बरोबर स्लॅबच्या खाली, चटईवर हाताची उशी करून आक्का आडव्या झाल्या होत्या. चपला दाराबाहेर. तोंड थोडं उघडं. घर्रऽऽ... घर्रऽऽ...

माझ्या मागे पोरी येऊन उभ्या राहिल्या. सुषमा हळूच म्हणाली, "काकू... पेपर..."

"कानात कापूस घाला गं पोरींनो," मी म्हटलं. "हा आवाज मी बंद करणार नाही."