टोपली माही होती

पार्बताबाई गेल्याचा निरोप अकोटहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने आणला. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी बायांना काही समजावून सांगत असताना ती खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. मी शाळेत शिकवायला निघायच्या घाईत होते, आई अंगणात भांडी घासत होती. "माय, पार्बतामावशी गेली वं," मी म्हणाले. आईचा हात थांबला. "बरं," ती म्हणाली आणि पातेलं पुन्हा घासू लागली. मला तिचा भयंकर राग आला... आणि तो पुढे महिनाभर गेला नाही. अकोल्यात शोकसभा झाली, तिलाही आई आली नाही. तिथे एका पुढाऱ्याने पार्बताबाईला 'श्रमिक भगिनींची माउली' केलं. ऐकलं असतं तर मावशी तोंडाला पदर लावून हसली असती. जिवंतपणी जिला कोणी बसायला खुर्ची दिली नाही, तिच्या फोटोला हार घालायला आता रांग लागली होती. त्या सभेत जे कोणी बोललं नाही ते मी इथे लिहिते आहे, कारण ते झाकून ठेवलेलं तिलाच आवडलं नसतं.

आई आणि ती, दोघी बार्शीटाकळीकडच्या. अकोल्यात एकाच वस्तीत शेजारीशेजारी राहत आणि एकाच जिनिंगमध्ये कापूस वाहत. एकीच्या भाकरीवर दुसरीची चटणी, असा जीव. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, त्याच्या आदल्या हंगामातली गोष्ट. जिनिंगमध्ये लेकरं आणायला बंदी होती, पण अंगावर पिणाऱ्या पोराला आई ठेवणार कुठे? मुकादम काणाडोळा करी, कारण बाया नसत्या तर कामच बंद पडलं असतं. मग बोटाला अफू लावून चाटवायची, कापसाच्या गंजीच्या कडेला पोराला निजवायचं आणि उशाशी लाल चिंधी बांधलेली काडी खोचायची, ही तिथली रीत. चिंधी दिसली की बाया टोपली दुसरीकडे ओतत. त्या दिवशी गंजी थोडी ढासळली आणि काडी कापसाखाली गेली. माझा भाऊ गणू तिथे निजलेला होता. डोक्यावर टोपली घेऊन पार्बताबाई आली, चिंधी दिसली नाही, म्हणून तिने टोपली तिथेच पालथी केली. तिच्यामागून आणखी बाया आल्या, त्यांनीही तिथेच ओतल्या. अफूने गुंगलेलं पोर रडलंसुद्धा नाही, कापसाखालीच गुदमरून गेलं.

संध्याकाळी ती आमच्या दारात येऊन बसली. आत येईना. "चंद्रा, पयली टोपली माही होती. मी पाह्यलं नाई," एवढंच आईला म्हणाली. आई उठली आणि तिने तिला पाणी दिलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते, पण हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते, त्या दिवशी आईच्या मनात तिच्याबद्दल काही वाईट नव्हतं. वाईट झालं ते पुढे. मुकादमाने सगळ्यांना बजावलं की पोर घरी तापाने गेलं असं सांगायचं. बायांनी माना डोलावल्या. आईनेही डोलावली. "तोंड उघडलं तं साऱ्यायचीच लेकरं बाहीर निंघतील," ती म्हणाली, "माहं तं गेलंच."

काही दिवसांनी सरकारी साहेब तपासणीला आले. सगळ्या बायांनी ताप सांगितला. पार्बताबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "तापानं नाई गेलं साहेब. गंजीत निजलं होतं, त्याच्यावर मी टोपली ओतली." साहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठने दुसऱ्याच दिवशी लेकुरवाळ्या बायांना फाटकाबाहेर काढलं, आणि तिलाही. वस्तीत तिला शिव्याशाप मिळाले. खरं बोलून आमच्या चुली इजवल्या, असं बाया तिच्या तोंडावर म्हणाल्या. आईचं काम मात्र राहिलं, कारण तिच्या कडेवर आता पोर नव्हतं... या एका गोष्टीने आई आतून करपली, असं मला वाटतं. "माह्या लेकराचं मरण तिनं चवाट्यावर मांडलं," म्हणाली, आणि त्यानंतर ती पार्बताबाईशी एक शब्द बोलली नाही.

पार्बताबाई फाटकासमोरच्या निंबाखाली जाऊन बसली. फाटकी ताडपत्री बांधली आणि म्हणाली, लेकरं माह्यापाशी ठेवा अन् कामावर जा, फक्त अफू चाटवलेलं पोर मी घेणार नाई. जिच्या हातून पोर गेलं तिच्या हाती आपलं पोर कोण देणार? बरेच दिवस ती नुसतीच तिथे बसून राहिली. मग पोटाने एकीला भाग पाडलं, मग दुसरीला. कायद्यात लेकरांसाठी खोली आहे असं तिला कुठून कळलं कोण जाणे. ती अमरावतीच्या कामगार कचेरीत खेटे घालू लागली, आणि एकदा तिने बायांना घेऊन सगळी लेकरंच तिथल्या व्हरांड्यात नेऊन बसवली. साहेब ओरडले, ही कोणाची पोरं? "जिनिंगची हायेत साहेब," ती म्हणाली, "आत ठेवू देत नाईत, बाहीर ठेवता येत नाईत, म्हून तुमच्यापाशी आणली." साहेबांनाही हसू आवरलं नाही म्हणतात. पुढच्या काही हंगामांत टिनाची खोली झाली, पाळणे आले. तिला मात्र कामावर कोणीच परत घेतलं नाही.

मी मास्तरीण झाल्यावर आईच्या नकळत तिच्याकडे जाऊ लागले. एकदा विचारलं, "मावशी, तवा गप राह्यली असतीस तं?" "गप राह्यली असती तं तुह्या मायनं मले माफ केलं असतं," ती म्हणाली. "मले तेच पाह्यजे होतं वं पोरी, दुसरं काई नाई... पण मंग दुसऱ्या टोपलीखाली दुसऱ्याचं लेकरू." तिला पोरं झाली नाहीत, नवरा लवकर गेला. जिला सगळा वऱ्हाड ओळखत होता, तिला एका बाईची हाक हवी होती आणि ती शेवटपर्यंत मिळाली नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

परवा शाळेतून लवकर घरी आले. आई ज्वारी कणगीत भरत होती. तिने टोपली उचलली, पण ओतली नाही. ती खाली ठेवून कणगीत वाकली, आत हात घालून सगळीकडे चाचपलं आणि हळूच विचारलं, "हाय का कोणी?" पार्बताबाईने निंबाखालून ही सवय एकेका बाईला लावली होती. पुढे खोली झाली, गंजीत पोरं निजायची थांबली, तरी आजही अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये असं विचारल्याशिवाय कोणी टोपली पालथी करत नाही. आई ते कधी शिकली, तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी दारातच उभी राहिले. आईने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ज्वारी ओतली.