कलेजीवाल्या मॅडम

आमच्या मॅडमना ‘गरम’ हा शब्द चालत नसे. चहा गरम आहे म्हटलं की लगेच, “गरम म्हणजे किती?” एकदा तर त्यांनी उष्णता मोजायचा कोरा करकरीत काचेचा धागा माझ्या कपात सोडला आणि पडद्यावरचा आकडा वाचला. “चौसष्ट. ताई, जीभ भाजेल, थांबा जरा.” चहा निवेपर्यंत त्या आकडे वाचत बसल्या आणि मी चहाकडे बघत बसले.

त्या अमरावतीच्या. नोएडातल्या एका प्रयोगशाळेत लेझरने शरीरातली गाठ जाळायचं यंत्र बनवत होत्या. मी तिथे साफसफाईला होते. त्या मराठीत बोलायच्या म्हणून, नाहीतर मी दिवसभर तोंड उघडलं नसतं. गाठ जळावी, पण शेजारचा चांगला भाग भाजू नये, म्हणून केसाएवढा काचेचा धागा तिथे खुपसून उष्णता मोजायची. धातूची तार का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “धातू लेझरने स्वतःच तापतो आणि मग खोटं बोलतो. काच बिचारी सरळ असते.”

सराव बकऱ्याच्या कलेजीवर चाले. मयूर विहारच्या घरून येताना रोज मीच आणायचे. खाटीक विचारायचा, “दीदी, रोज़ दावत है क्या?” मॅडम म्हणाल्या, “सांगा त्याला, आम्ही शिजवतो पण खात नाही.” मी सांगितलं. पुढे आठवडाभर तो माझ्याकडे संशयाने बघत होता.

एक दिवस दोन मोठे डॉक्टर आले. त्यांना पटलं तरच यंत्र त्यांच्या इस्पितळात जाणार होतं. मॅडमची तीन वर्षं त्यात गेली होती. लेझर सुरू झाला. सगळे पडद्याकडे बघत होते, मी कलेजीकडे. शिजली की ती पांढुरकी होते. तो पांढरेपणा धाग्यापर्यंत पोचला, तरी पडद्यावर त्रेचाळीसच, साठ तरी हवे होते. धाग्यावरची काळी खूण आत हवी, ती बाहेर दिसत होती. मी न राहवून बोलले.

“मॅडम, शिजलंय. धागा सरकलाय.”

त्यांनी झटकन लेझर बंद केला. “ये कौन हैं?” एका डॉक्टरांनी विचारलं.

“सर, कलेजी की समझ इन्हें हम सबसे ज़्यादा है.”

डॉक्टर हसले, पण होकार न देताच गेले. मला रडू आलं. मॅडम म्हणाल्या, “अहो, माणसाच्या पोटात सरकला असता तर? तिथे पांढरं झालेलं कोणाला दिसणार?”

दुसऱ्या दिवसापासून त्या धागा धरून ठेवणाऱ्या चिमट्याच्या मागे लागल्या. धागेही दोन केले. “एक खोटं बोलला तर दुसरा चुगली करेल.” त्यात वर्ष गेलं. मग यंत्रासकट त्या पुण्याला गेल्या.

परवा त्यांचा फोन आला. तिथल्या इस्पितळात एका बाईंवर पहिल्यांदा यंत्र वापरलं होतं. किती आकडा, किती मिनिटं, दोन्ही धागे कसे शेवटपर्यंत जुळले, सगळं एका दमात. मी मध्येच विचारलं, “त्या बाई कशा आहेत?”

“मजेत! घरी कधी सोडता म्हणून सगळ्यांना भंडावताहेत.”

मी कोण, ते त्या बाईंना कधी कळायचं नाही. बरंच आहे. मला उगाच लाजायला झालं असतं.