सुन्नाची मुकी शाळा

“महिनाभर पेट्रोल जाळलंस, आणि ती पोरगी अजून तोंड उघडत नाही!” योव्ना हातमोजे शेगडीजवळ वाळत घालत म्हणाला.

“म्हणूनच जायचंय. ती का बोलत नाही, ते मला कळायलाच हवं,” त्याची बायको रिस्तेन म्हणाली.

रिस्तेन आमच्या गावची नवी शिक्षिका. समुद्रकाठच्या कोळ्याची ही मुलगी उन्हाळ्यात लग्न होऊन इकडे आली. दर शनिवारी बर्फावरची स्कूटर काढून ती रेनडियर पाळणाऱ्यांच्या तळावर शिकवायला जायची. तिथे शिकणं जमलं नाही, तर आठ वर्षांच्या सुन्नाची रवानगी दूरच्या वसतिशाळेत होणार होती.

“पहिल्या दिवशी तरी बोलली का?” सासूबाई एल्लेंनी विचारलं.

“छान बोलत होती, आई. मग गणित काढलं. म्हटलं, तुझ्या बाबांकडे रेनडियर किती, तिथून सुरुवात करू.”

एल्लेंच्या हातातली कॉफी सांडली. योव्ना कपाळाला हात लावून हसत सुटला.

“अगं बाई! गेल्या गेल्या बापाची तिजोरी मोजायला बसलीस? तीही पोरीकडून?”

“आमच्याकडे मासे किती मिळाले ते अख्खा धक्का ओरडून सांगतो!”

“मासे विकून संपतात गं. कळप किती, ते इथे माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. तोंड उघडलं तर आकडा निसटेल, म्हणून घाबरली असेल बिचारी.”

रिस्तेनचा चेहरा उतरला. “आता तिच्या बाबांना काय सांगू?”

एल्लेंनी उठून आपले केसाळ बूट दाराशी आणून ठेवले.

“उद्या मी येतेय. योव्ना, स्कूटरला मागे घसरगाडी जोड.”