मुठीने आभाळ मोजणाऱ्या काकू

अख्ख्या संभाजीनगरात सूर्यालाही जागेवर धरणारी एकच बाई आहे आणि मी तिच्याच घरात भाड्याने राहते, हे मी छाती पुढे काढून सांगते. आमच्या मालकीणकाकूंची नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर जमीन पुरेना, म्हणून त्या आभाळाकडे वळल्या. त्यांचं माप म्हणजे त्यांची मूठ. हात ताठ करून मूठ धरली की आभाळातले साधारण दहा अंश झाकले जातात, म्हणून प्रत्येक ग्रह सूर्यापासून किती मुठी लांब, हे त्या आधी गणिताने काढतात आणि मग गच्चीत जाऊन पडताळतात. हे गणित त्यांनी मला जेवताना शिकवलं. भाकरी सूर्य, कांदा पृथ्वी, लिंबू शुक्र. कांद्यापासून भाकरीकडे एक रेघ, लिंबाकडे दुसरी, मधला कोन म्हणजे उत्तर. मी लिंबू पिळलं तर म्हणाल्या, "अगं, थांब की! शुक्र कुठं गेला आता?" क्रांती चौकातल्या आमच्या अंधश्रद्धाविरोधी मोर्च्यात सगळ्यांत उंच मूठ काकूंचीच होती. पेपरात फोटोही आला. प्रत्यक्षात बाई दिवसाउजेडी दिसणारा चंद्र सूर्यापासून किती लांब आहे ते मोजत होत्या.

मी स्पष्टच लिहिते, मला मुहूर्ताचा संताप आहे. शुक्राचा अस्त, म्हणजे तो सूर्याच्या इतका जवळ की दिसेनासा होतो, आणि तेवढ्यासाठी माणसांनी लग्नं थांबवायची! यावर मी पत्रकं काढली, चौकाचौकांत वाटली, लोकांनी त्यांत भजी खाल्ली. आणि नेमकं काकूंच्याच लेकीचं लग्न यात अडकलं. एक पंचांग म्हणे शुक्र उगवला, दुसरं म्हणे अजून आठवडा आहे. पुढे चातुर्मास, म्हणजे लग्न थेट दिवाळीनंतर. आणि नवरानवरीला त्याआधीच हैदराबादला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. वैजापूरचे व्याही घरी येऊन म्हणाले, "बाई, मला शुक्र दाखवा. दिसला तर याच आठवड्यात लग्न. नाय तर नाय."

मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. "दिसेल म्हणा ना!"

"कसा दिसंल? सूर्यापासून अर्धी मूठसुद्धा लांब नाही तो."

सूर्य मावळल्यावर सगळे गच्चीत. लेक कठड्याला टेकून, ओठ दाबून उभी. आणि पश्चिमेला, जिथं हवा तिथंच, एक ठळक, स्थिर ठिपका चमकला. व्याही ओरडले, "दिसला! लई झ्याक दिसला!" त्यांनी हात जोडले, लेक हसली, मी पेढे आणायला जिना गाठला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "विमान आहे ते. मुंबईचं."

मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. ठिपका मोठा झाला, लुकलुकला, घरघरत डोक्यावरून गेला. व्याह्यांचे जोडलेले हात तसेच.

"बाई, लेकीचं लग्न करायचं का नाय तुम्हाला?"

"करायचंय. पण विमानाला शुक्र म्हणून नाही."

"मग शुक्र कुठंय?"

काकूंनी मूठ धरली. "हितं. माझ्या मुठीमागं. बुडालेला नाही, रुसलेला नाही. उजेडात आहे, म्हणून दिसत नाही."

व्याह्यांनीही हात ताठ केला, एक डोळा मिटला, स्वतःच्या मुठीकडे बराच वेळ बघितलं. "आहे म्हणता?"

"आहे."

"तुम्ही म्हणता म्हणजे असणार. लेकीच्या लग्नापायी विमानाला हो म्हणाला नाहीत, तर हे कशाला खोटं सांगाल? लावा लग्न."

हा विवेकाचा विजय वगैरे नव्हे. त्या माणसाने फक्त एका बाईवर विश्वास ठेवला. पत्रकात हे कसं छापायचं, मला अजून समजलेलं नाही. पण त्या गच्चीत मी होते, हे मी मरेपर्यंत सांगणार आहे.

लेक हैदराबादला गेली. संक्रांतीला यायची होती, सुट्टी मिळाली नाही. त्या संध्याकाळी सूर्य टेकताना काकू गच्चीत मुठीवर मूठ ठेवत शुक्रापर्यंत पोचल्या होत्या. मी विचारलं, "आज किती?"

"साडेचारच्या वर. याच्यापुढं जात नाही तो," त्या म्हणाल्या. "आता परत फिरंल."

सूर्य केव्हाच बुडाला. मोजायला काही उरलं नव्हतं. काकूंनी हात मात्र खाली घेतला नाही.